मळखाऊ

शुभा माझी धाकटी जाऊ. तिच्यात वाईट असं काहीच नाही, आणि माझी खरी पंचाईत तीच आहे. वाईट असती तर चार बायकांत बसून तिच्या नावाने बोटं मोडता आली असती. ती बँकेत जाते, खांद्याला पर्स लटकवते आणि घरी आली की पदर खोचून भाकऱ्याही थापते. मुलुंडला आमच्याच बिल्डिंगमध्ये, बरोबर आमच्या डोक्यावर, तिचा आणि धाकट्या भावोजींचा संसार. एशियाडच्या वेळी त्यांनी रंगीत टीव्ही घेतला. आमचा अजून काळा-पांढरा, आणि तोसुद्धा थोबाडीत मारल्याशिवाय चालू होत नाही.

माझा कौस्तुभ चार वर्षांचा. संध्याकाळी जिन्यात काकूच्या चपला वाजल्या की हा भरल्या ताटावरून उठून वर पळतो. दिवसभर त्याच्या मागे घास घेऊन फिरायचं मी, नाक पुसायचं मी, तापात रात्र जागायची मी. आणि बालवाडीत काय झालं, कोण कोणाला चावलं, हे मला कळणार शुभाकडून. ‘वहिनी, तुम्हाला सांगितलं नाही त्याने?’ असं ती अगदी साधेपणाने विचारते. मी म्हणते, सांगितलं की. आणि मग ओट्यावरची भांडी जरा जास्तच वाजतात.

या दिवाळीच्या कापडावरून जे झालं ते सांगते.

आमच्याकडे दिवाळीचं कापड सासूबाई घेतात. ह्यांचा शर्ट, कौस्तुभचा शर्ट, सगळं एकाच ताग्यातून, आणि उरलं तर उशांचे अभ्रे. बापलेक बाहेर पडले की बँडपथकातले दोघे चुकून मागे राहिल्यासारखे दिसतात. रंगाची परीक्षा एकच, मळखाऊ हवा. मळला तरी दिसू नये असा. तपकिरी, राखाडी, नाहीतर शाळेच्या फळ्यासारखा काळपट हिरवा. माझ्या साड्याही त्याच आणतात, त्याच रंगांत. माझं सगळं काम ओट्याशी, उजळ रंग माझ्या अंगावर टिकायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. शुभा कमावती, ती आपल्या साड्या आपण आणते. अबोली, लिंबू, आकाशी, मोतिया. दर सणाला तिच्या साडीला अगदी हात लावून ‘छान आहे गं’ म्हणायचं कामही माझंच.

यंदा दुकानात आम्ही चौघं गेलो. सासूबाई, मी, कौस्तुभ आणि शनिवारचा अर्धा दिवस म्हणून शुभा. नानजीभाईंनी गादीवर तागे उलगडले. सासूबाईंनी सवयीने एक तपकिरी चौकडा पुढे ओढला आणि म्हणाल्या, हा चांगला मळखाऊ आहे.

‘मला मळखाऊ नको,’ कौस्तुभ म्हणाला. ‘मी मळ खात नाही.’

सगळे हसले. नानजीभाईही हसले. पण पोरगा हसत नव्हता. इतक्या दिवाळ्या त्याला वाटत आलं असणार की मळ खाणाऱ्या मुलांसाठीच हे कापड आणतात. त्याने शेजारच्या ताग्यावर हात ठेवला. झगझगीत राणी कलर, ब्लाउजपीसचा असतो तसा. सासूबाई म्हणाल्या, अरे ते बायकांचं, मुलग्याने असलं घालायचं नसतं. मी त्याचा हात तिथून उचलला. त्याने पुन्हा ठेवला. मी पुन्हा उचलला, जरा जोरात.

तेवढ्यात शुभा त्याच्यासमोर उकिडवी बसली. साडीची पर्वा न करता, दुकानाच्या फरशीवर. आणि विचारलं, ‘कौस्तुभ, तुला कुठला हवाय?’

तो तिच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी बोलला. मी आई, हातभर अंतरावर उभी, मला ऐकू आलं नाही. शुभाने सरळ नानजीभाईंना राणी कलरमधला शर्टपीस कापायला सांगितला. सासूबाई काय म्हणाल्या माहीत आहे? म्हणाल्या, ‘या शुभाचं म्हणजे काहीतरीच असतं बाई.’ आणि हसल्या. तेच मी सांगितलं असतं तर घरी येईपर्यंत माझ्या माहेरचा उद्धार झाला असता. माझ्या पोटात असं पेटलं की रिक्षात मी एकटी बाहेर बघत बसले.

शर्ट शिवून आला. तपकिरी चौकड्याचाही आला, पण त्याच्याकडे बघतंय कोण. पहिल्या आंघोळीला पोराने राणी कलर अंगात घातला तो उतरवेना. झोपतानाही तोच. बिल्डिंगभर सांगत फिरला, हा काकूचा शर्ट. शिवणारा गुणाजी टेलर, धुणारी मी, आणि शर्ट मात्र काकूचा. खालच्या वनमालाबाईंनी विचारलं, काय गं, मुलगी हवी होती का तुला? मी हसले, पण मनातून बरं वाटलं. आणखी चारजण हसू देत, म्हटलं. पोरगा रडत येईल, तो शर्ट फेकून देईल आणि काकूचं सगळं कौतुक एकदाचं उतरेल. स्वतःच्या मुलाची थट्टा व्हावी म्हणून मी कान देऊन बसले होते. पण त्याची थट्टा कोणी केली नाही. मुलं त्याच्या शर्टाला हात लावून पुन्हा लगोरी खेळायला गेली.

ऐकावं लागलं ते ह्यांना. कौस्तुभला घेऊन फटाके आणताना ऑफिसातले कोणी भेटले आणि ‘मुलगी गोड आहे’ म्हणाले. हे आले ते तोंड पाडूनच. भाऊबीजेला घाटकोपरला नणंदेकडे जायचं होतं. तिथे तो शर्ट नको, तपकिरी घाल त्याला, असं मला बजावलं. वर जाऊन शुभाला बोलायची छाती नाही. सांगायचं मला.

खरं सांगते, मला आनंद झाला. हुकूम ह्यांचा होता, आणि काकूचा शर्ट माझ्या हातून ट्रंकेत जाणार होता.

भाऊबीजेच्या सकाळी आंघोळीला उतरवलेला तो शर्ट मी ट्रंकेत टाकला. तपकिरी शर्ट बघताच कौस्तुभ खाटेखाली शिरला तो बाहेर येईना. ह्यांनी दम भरला. सासूबाईंनी करंजी दाखवली. शेवटी सासूबाई म्हणाल्या, ‘जयंती, शुभाला हाक मार. तिचं ऐकतो तो.’

एवढंच राहिलं होतं. मी म्हटलं, काही गरज नाही. आणि नवी साडी नेसलेली तशी मी खाटेखाली सरपटत गेले. आत धूळ, एक हरवलेली चप्पल आणि भिंतीला टेकलेला माझा मुलगा. मी त्याला शर्टाचं काही विचारलंच नाही. इतके दिवस मनात होतं तेच तोंडातून आलं.

‘माझ्याकडे का नाही मागितलास रे? काकूकडेच का?’

तो रुसलेला होता, पण प्रश्नाचं उत्तर त्याने अगदी नीट दिलं. आपण कोणाला पत्ता सांगतो तसं.

‘तू कशी आणशील? तुला पण आजीच आणते.’

मी तिथेच पडून राहिले. वर खाटेच्या पट्ट्या, बाहेर ह्यांचे पाय येरझाऱ्या घालत होते. काकू लाडकी म्हणून तो तिच्याकडे गेला नव्हता. या घरात कोणाला काय मिळू शकतं याचा हिशेब त्याने चार वर्षांत मांडला होता आणि मला आपल्याच रांगेत धरलं होतं. शुभाचा हेवा तर मला आहेच, तो काही मी लपवत नाही. पण दुकानात पोटात जे पेटलं ते तेवढंच नव्हतं. हा एवढासा पोरगा ताग्यावर हात ठेवतो, हात उचलला तर पुन्हा ठेवतो, आणि त्याच्यापुढे कोणी गुडघे मोडून विचारतं, तुला कुठला हवाय. मला त्याचा हेवा वाटला होता. माझ्या पोटच्या पोराचा.

मी बाहेर आले, केसांतली जळमटं काढली आणि ट्रंक उघडली. राणी कलरचा शर्ट झटकून त्याला घातला. हे म्हणाले, अगं, मी काय सांगितलं होतं?

‘त्याने निवडलाय. तो घालेल,’ मी म्हटलं. ‘कोणी मुलगी म्हणालं तर मुलगा आहे म्हणून सांगा.’

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या माहेराबद्दल काही येईल म्हणून मी थांबले, पण त्या करंज्यांचा डबा बांधायला लागल्या. हे चपला घालून खाली गेले.

जिन्यात शुभा भेटली, ओवाळणीचं ताट घेऊन तिच्या भावाकडे निघालेली. कौस्तुभला बघून तिचा चेहरा फुलला. ती त्याची कॉलर नीट करायला वाकली. मी म्हटलं, राहू दे, मी करते. ती सरळ उभी राहिली. कॉलर ठीकच होती, तरी मी ती सावकाश नीट केली. शुभा ‘येते वहिनी’ म्हणून पुढे उतरली.

कौस्तुभ माझं बोट धरून एकेक पायरी उतरत होता. मधल्या पायरीवर थांबला आणि माझ्या साडीकडे बघत म्हणाला, ‘आई, तुला कुठला हवा होता?’

इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी तोंड उघडलं. अबोली म्हणावं तर तो शुभाचा. लिंबू शुभाचा. आकाशी, मोतिया, तेही तिचेच. डोक्यात येईल तो रंग तिच्याच अंगावरून उचललेला होता. माझा असा एकही आठवेना.

खालून हे हाका मारत होते. कौस्तुभ मान वर करून थांबला होता.