मी बैठकीचं टेबल, हल्ली मुक्काम व्हाळ

या, पण सांभाळून. मधोमध पाऊल टाका, कडेला शेवाळ आहे. तुमच्या पायांखालून मी बोलतोय, कॉलेजचं बैठकीचं टेबल. टेबल व्हाळावर, म्हणजे या ओढ्यावर, काय करतंय, असं विचारणारे पुष्कळ भेटले. उत्तर ऐकायला कोणी थांबलं नाही. तुम्ही तरी थांबा.

जन्माने मी फणस. धामापुरात भिकाजी आणि बाबली या दोन भावांच्या घरामागच्या परड्यात उभा होतो. थोरला भिकाजी माझ्यावर चढायचा आणि धाकटा बाबली खालून ओरडायचा, "दादा, तो मोठो काढ रे!" भिकाजी वाजवून बघायचा आणि पिकला असेल तोच काढायचा. बाबलीला धीर तेव्हाही नव्हता.

सिंधुदुर्ग वेगळा जिल्हा झाला आणि मागोमाग आमच्या बाजूला कॉलेज निघालं. लोकांनी हौसेने हातभार लावला. कोणी चिरे दिले, कोणी वासे दिले. या भावांकडे द्यायला मीच होतो. माझ्या लांबलचक जाड फळ्या निघाल्या आणि मी बैठकीचं टेबल झालो. भिकाजीला तिथेच शिपायाची नोकरी लागली. रोज सकाळी तो माझ्यावर खोबरेलाचा बोळा फिरवायचा आणि हळूच विचारायचा, "काय रे, बरो मां?"

बरा कुठला! माझ्यावर कोपरं टेकून माणसं किती बोलत, देवा! चहाच्या कपांची वर्तुळं अंगावर, टाचण्यांच्या टोचण्या, आणि प्रत्येक बैठकीच्या शेवटी एकच वाक्य, "यावर पुढच्या बैठकीत विचार करू." झाड असताना मी वर्षाला फणस तरी देत होतो.

मग घाटावरून नवे प्राचार्य आले. माणूस मनाने चांगला. ते म्हणाले, "पुढच्या दहा वर्षांचा आराखडा मी एकटा करणार नाही. प्राध्यापक, कारकून, शिपाई, सगळ्यांनी मिळून करायचा." आणि खरोखर त्यांनी सगळ्यांना माझ्याभोवती बसवलं. भिकाजीला पहिल्यांदाच खुर्ची मिळाली. तो तिच्या टोकावर बसला.

काय बोलायचं ते त्याने सकाळी तेल लावताना मला ऐकवलं होतं. कॉलेज आणि एस.टी.चा थांबा यांच्यामध्ये व्हाळ. त्यावर आडवा टाकलेला माडाचा सोट, त्यावरूनच सगळ्यांची ये-जा. "आज सांगतंय," तो म्हणाला होता. "त्या माडाक एका बाजून वाईच कठडो होयो. पावसात चेडवां घसरतत." कॉलेजच्या पोरींची त्याला धास्ती होती.

बैठकीच्या सुरुवातीला हेडक्लार्क भाईंनी माझ्यावर नारळ ठेवला आणि देवाला गाऱ्हाणं घातलं; एकाने मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी होकार भरायचा, अशी आमच्याकडची रीत. भाई गावच्या देवळातही तेच काम करत. "बा देवा म्हाराजा, आज ही तुजी लेकरां कॉलेजाच्या बऱ्यासाठी जमली हत, तेंका यश दी रे म्हाराजा!" सगळे एका आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

इथवर ठीक. पण मग प्राचार्य म्हणाले, "भाई, आता आराखड्याचे मुद्देही तुम्हीच वाचा." भाईंचा गळा अजून गाऱ्हाण्याच्याच सुरात. "विज्ञान शाखा सुरू करावी!" म्हणून ते नेहमीसारखे थांबले, आणि सगळे नेहमीसारखे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" प्राचार्यांचा चेहरा फुलला. एवढं एकमत त्यांनी घाटावर कधी पाहिलं नव्हतं.

"व्हाळावरचा माड धोक्याचा, तो काढून टाकावा, पक्का साकव बांधावा!"

"व्हय म्हाराजा!"

भिकाजीही म्हणाला! जन्मभराची सवय, तोंडातून आपसूक निघालं. मग त्याने कठड्याचं सांगायला माझ्यावर तळहात टेकला, तोवर भाई पुढच्या मुद्द्यावर गेले होते. इतिहासाच्या सुनीतीबाई तेवढ्या म्हणाल्या, "अहो, आधी साकव होऊ दे, मग माड काढा."

"बाई, सगळ्यांनी व्हय म्हटल्यानी. ठराव झालो," भाई म्हणाले.

भिकाजीने हात मागे घेतला. त्या तळहाताचा घाम माझ्यावर बराच वेळ होता.

माड लगेच निघाला. साकवासाठी, त्या पक्क्या पुलासाठी, मात्र बैठका! साकव किती रुंद असावा, पाटीवर कोणाचं नाव असावं, उद्घाटनाला कोणाला बोलवावं. मी ऐकत होतो. गावातले लोक दुसरा माड टाकायला आले, तर त्यांना सांगितलं, "पक्का साकव आराखड्यात घेतलेला आहे." लोक माड घेऊन परत गेले.

श्रावणात एका सकाळी घंटा झाली नाही. मला तेलाचा बोळाही लागला नाही. कुलूप कोणीतरी दगडाने फोडलं, कारण चावी भिकाजीच्या खिशात होती आणि भिकाजी खाली मळ्यापर्यंत वाहत गेला होता.

संस्थेने त्याच्या जागी बाबलीला घेतलं. तो मला पुसायचा नाही. माझ्यावर बुक्क्या मारायचा. मारू दे.

पुढच्या बैठकीत तोही खुर्चीवर होता. पुन्हा नारळ, पुन्हा गाऱ्हाणं, पुन्हा तोच सूर. "ठरलेलो आराखडो असोच पुढे चालवावो!"

"व्हय म्हाराजा!"

"नाय म्हाराजा!"

सगळ्यांच्या माना वळल्या. बाबली उभा होता.

"बाबली, गाऱ्हाण्यात नाय म्हणू नये रे," भाई दबक्या आवाजात म्हणाले.

"मगे गाऱ्हाणा घालतास काय आराखडो वाचतास, ता एकदा ठरवा! माजो भाऊस व्हय म्हणालो नि गेलो!"

"बाबली, तुझं दुःख मला समजतं," प्राचार्य म्हणाले. "साकवाचा मुद्दा आजच..."

"मुद्द्यार पाय ठेवन पोरां पलीकडे जातली काय?"

त्याने माझी एक कड उचलली. नारळ गडगडत खाली गेला. प्राचार्य ओरडले, "अरे, हे संस्थेचं टेबल आहे!"

"फणस आमचो आसा!"

एकट्याला मी कुठला पेलणार! फरफटत दारापर्यंत नेलं त्याने. तेव्हा सुनीतीबाईंनी पदर खोचला आणि दुसरी कड धरली. मग एकेक करत सगळे उठले. शेवटी भाईही आले, डोळे पुसत. प्राध्यापक आणि कर्मचारी यांनी मिळून केलेलं त्या कॉलेजातलं ते पहिलं काम. माझे पाय काढून, दोन्ही काठांवर चिरे रचून मला इथे घातलं. एका बाजूने बांबूचा कठडाही बांधला.

आराखड्यात आता माझ्या जिवावर "साकव पूर्ण" असं लिहिलंय म्हणे. लिहू देत! पक्का साकव काही आला नाही, आणि माझ्या खालच्या बाजूला वाळवी लागली आहे. म्हणून एवढंच सांगतो. माणसांना बोलावलंत, खुर्ची दिलीत, तर त्यांच्या तोंडाकडे बघा. कोणी टेबलावर हात टेकला असेल, तर तो का टेकलाय हे विचारा आणि तो बोलेपर्यंत पुढचा मुद्दा वाचू नका.

जा आता, घंटेची वेळ झाली. तो बघा, बाबली चावी घेऊन आलाच. मधोमध आला की तो रोज थांबतो, खाली पाण्याकडे बघतो आणि वाकून माझ्यावर हात ठेवतो. हल्ली बुक्की मारत नाही. विचारतो, "काय रे, बरो मां?"