आई तर मीच आहे

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे आणि मला माणसांच्या तोंडांची किळस येते. सुरुवातीलाच असं बोललो म्हणून रागावू नका. तुम्ही मला लांबून पाहता. माझं सारं आयुष्य लोकांच्या ओठांशी गेलं आहे.

बारीक तारेचं वेटोळं, त्यावर पातळ पडदा आणि वरून जाळी, एवढाच माझा देह. ग्वाल्हेरच्या नया बाजारातून एका मराठी मंडळानं मला गणेशोत्सवासाठी घेतलं. पहिल्या दिवशी मंडळातल्या कुमुदिनीताईंनी माझ्यासमोर अथर्वशीर्ष म्हटलं. काय तो आवाज! मला वाटलं, जन्माचं सोनं झालं.

मला सांभाळायचा तो दौलतसिंह. शहरातल्या हजीरा भागातून येणारा साउंडवाला. तो मला मऊ फडक्यानं पुसायचा आणि वायरला कधी पीळ पडू द्यायचा नाही. असा मायेचा हात मला पुन्हा मिळाला नाही.

पुढे मंडळाचा कारभार अध्यक्ष माधवरावांच्या मुलाकडे, यशोधनकडे आला. त्याच्या तोंडात कायम गुटखा. बोलला की लाल थेंब माझ्या जाळीत. शी! पण थुंकी पुसता तरी येते. त्याच्या शिव्यांचं काय करायचं? वायर कमी पडली, शिवी. चहा उशिरा आला, शिवी. जुना मित्र भेटला तरी आनंदानं शिवी. आणि सगळ्या हिंदीतल्या, आईवरच्या.

संताप येतो तो याचा, की या मंडळींच्या लेखी ती शिवीच नव्हती. मराठीत कुणी वावगा शब्द काढला तर माधवराव घर डोक्यावर घेत. हिंदीतलं सगळं माफ. कुमुदिनीताईंनी एकदा हटकलं तेव्हा म्हणाले, "अहो ताई, इथे सगळेच असं बोलतात. हिंदीतलं कोण मनाला लावून घेतं? घरात मराठीत एक शब्द वाकडा नाही हो त्याचा!" झालं, एवढ्यावर मुलगा संस्कारी ठरला.

दौलतसिंहला ती शिवी रोज मिळे. तो खाली मान घालून वायरी जोडत राही. घरी मात्र फोनवर सांगे, "अम्मा, मराठी लोगों में बड़ी तमीज है. सब दौलतजी कहते हैं." मला पुसता पुसता हे बोलायचा. माझा जीव कळवळायचा.

गेल्या वर्षी अम्मानं हट्टच धरला, मुलाचं काम बघायचंच. नवी साडी नेसून ती पुढच्या रांगेत येऊन बसली. ही एक संध्याकाळ निभावून जावी, आईसमोर लाज राहावी, एवढंच दौलतसिंहला हवं होतं. तो हळूच यशोधनला म्हणाला, "भैया, आज अम्मा आई हैं. जरा..."

"अरे, अम्मा तो हमारी भी हैं!" यशोधन हसून म्हणाला.

आरतीच्या वेळी यशोधननं मला हातात घेतलं. "सगळ्यांना विनंती आहे, आरतीसाठी उभं राहा..." तेवढ्यात मी किंचाळलो. स्पीकर फार जवळ आला की आम्ही माईक ओरडतोच. यशोधन दौलतसिंहकडे वळला आणि मला तोंडापासून दूरही न करता त्यानं ती शिवी हासडली. मी ती इथे सांगणार नाही. त्या दिवशी सगळ्या भोंग्यांतून सांगितली तेवढी पुरे. लगेच त्याच गोड आवाजात तो म्हणाला, "...आणि टाळ्यांची साथ द्या."

काही पोरं फिदीफिदी हसली. माधवराव निरांजनात तूप घालत राहिले. कुणालाच काही वाटलं नाही. मला स्वतःची शिसारी आली.

अम्मा तेवढी उठली. दौलतसिंह धावला, "अम्मा, बैठ जाओ, चलो, बैठो." तिनं त्याचा हात बाजूला केला आणि ती थेट यशोधनसमोर आली.

"बेटा, मैंने तेरा क्या बिगाड़ा?"

यशोधन गडबडला. "अरे नहीं अम्माजी! आपको थोड़े ही बोला. ये तो बस ऐसे ही मुँह से निकल जाता है."

"इसकी माँ को बोला न? इसकी माँ तो मैं ही हूँ."

मी चालूच होतो. तिचे शब्दही सगळ्या भोंग्यांतून गेले. आता मात्र साऱ्या माना खाली गेल्या. माधवरावांनी निरांजन खाली ठेवलं. दौलतसिंहनं माझी वायर उपसली, आईचा हात धरला आणि तो मांडवाबाहेर पडला. तो परत आला नाही.

आता मंडळानं नवे, बिनवायरचे माईक आणले आहेत. मी कपाटात गंजतो आहे. मला बाहेर काढा, पुसा, असं मी म्हणणार नाही. मित्रांनो, तुमचं तोंड तेवढं सांभाळा. शिवी जिभेवर आली की ज्याला द्यायची त्याची आई समोर बसली आहे असं समजा. मग तिच्याकडे बघून ती द्या पाहू.