विखुरलेल्या तारखा

थोरल्या विमान कंपनीने धाकटी विकत घेतली, तेव्हा विमानांना नवा रंग महिन्याभरात चढला. माणसांचं काही तसं होत नाही. दोन्हीकडचे मिळून सहाशे चाळीस वैमानिक, आणि आता त्यांची ज्येष्ठतेची एकच यादी करायची होती. शाळेत दोन तुकड्या एकत्र केल्या की रांगेत पुढे कोण यावरून जशी ढकलाढकल होते, तशीच ही. फक्त इथे ढकलणाऱ्यांचे केस पिकलेले होते. वैमानिकाचं सगळं या क्रमांकावर ठरतं: सुट्टी कधी, मुक्काम कुठे, आणि मुख्य म्हणजे डावी खुर्ची कधी. डाव्या खुर्चीत कॅप्टन बसतो, उजव्या खुर्चीत को-पायलट.

धाकटीतल्या एका को-पायलटला सगळे वहीवाली म्हणत. जे दिसेल ते टिपून ठेवायची तिची खोड. अकरा वर्षं ती उजव्या खुर्चीत होती. हिशेबात पक्की म्हणून तिच्या लोकांनी तिला यादीच्या समितीवर बसवलं. पहिला मसुदा आला त्यात तिचा क्रमांक होता दोनशे सतरा. थोरलीने आधीच जाहीर केलं होतं की, पहिल्या दोनशे दहा जणांना इथल्याच विमानतळावर कॅप्टनची जागा. त्यापुढच्यांनी कॅप्टन व्हायचं तर दोन हजार किलोमीटरवरच्या तळावर बिऱ्हाड न्यायचं.

"सातच जणांनी हुकलं?" तिची पाचवीतली लेक म्हणाली. "पुढचे सात आजारी पडले तर?"

"असं बोलू नये."

"कायमचे नाही गं. थोडेसे."

आबा, म्हणजे वहीवालीचे वडील, गुडघ्याला तेल चोळत बसले होते. "जा तू तिकडे," ते म्हणाले. "आम्ही दोघं बघून घेऊ." पण बोलताना त्यांनी नातीकडे पाहिलं नाही, आणि जिना उतरायला त्यांना हल्ली किती वेळ लागतो हे वहीवालीने टिपूनच ठेवलं होतं.

समितीची खोली धावपट्टीच्या बाजूला होती. लांब टेबल, चहाचा थर्मास, आणि काचेबाहेर दर काही मिनिटांनी उडणारं एखादं विमान. तीन माणसं इकडची, तीन तिकडची, मधे लवाद म्हणून एक निवृत्त न्यायाधीशबाई. यादीवर नावं नव्हती; नुसते सांकेतिक आकडे आणि रुजू झाल्याची तारीख. पहिल्याच दिवशी न्यायाधीशबाईंनी प्रत्येकाला एकेक पाकीट दिलं. "यादीत तुमचं नात्यागोत्याचं कोणी असेल तर लिहा, पाकीट चिकटवा, मला द्या."

थोरलीकडून आलेले मास्तरही काहीतरी लिहीत होते. वहीवालीच्या शेजारी धाकटीचे एक कॅप्टन बसले होते. सतत कुरकुर करायचे म्हणून त्यांचं नाव कुरकुरे पडलेलं. ते तिच्या कानाशी म्हणाले, "मास्तरांचा मेहुणा असणार. बघ, आपल्या डोक्यावर बसवतील."

मास्तरांना मास्तर म्हणत, कारण थोरलीतले निम्मे वैमानिक त्यांच्या हाताखाली शिकले होते. आवाज कधी चढवला नाही. कोणी चुकलं तर चूक सांगायची नाही, प्रश्न विचारायचा, आणि उत्तर येईपर्यंत निवांत थांबायचं, हा त्यांचा खाक्या. निवृत्तीला दहा महिने उरले होते. आपला स्वतःचा क्रमांक काय आहे, हे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी चहाला ते वहीवालीशेजारी येऊन उभे राहिले. दोन्ही याद्या त्यांच्या हातात होत्या.

"एक विचारू? तुम्ही लोक एकेकटे शिकलात का गं?"

"म्हणजे? नाही हो सर. आमची चौदा जणांची बॅच होती."

"एकाच वर्गात?"

"एकाच पत्र्याच्या शेडमध्ये. पंखा बंद होता."

"असं." मास्तरांनी चहाचा घोट घेतला आणि दोन्ही याद्या टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या. पुढे बोलले नाहीत. बाहेर एक विमान उडालं, दुसरं येऊन उतरलं, तरी ते गप्पच.

वहीवाली याद्यांकडे बघत राहिली. थोरलीच्या यादीत तारखा घोसाने होत्या: एकाच तारखेचे बारा जण, मग पुढच्या एका तारखेचे सोळा. धाकटीच्या यादीत प्रत्येकाची तारीख वेगळी. आज एक, चार दिवसांनी दुसरा. जसे काही वाटेल तेव्हा येऊन दार वाजवणारे पाहुणे.

"चौदा जण एका दिवशी वर्गात बसले," ती हळूहळू म्हणाली, "मग रुजू चौदा दिवशी कसे होतील?"

मास्तर थांबलेच होते.

"ही तारीख वर्गाची नाहीच! आमच्याकडे प्रवासी घेऊन पहिलं उड्डाण केलं, तो दिवस लिहितात. तुमच्याकडे वर्गातला पहिला दिवस. आमचे चार-चार महिने गिळले गेलेत!" इतकी वर्षं अंगवळणी पडलेली रीत, घरातल्या घरात सगळेच सारखे मागे, म्हणून कोणाला खटकलंच नाही.

"सर, तुम्हाला हे आधीच दिसलं होतं."

"वाटलं होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"मी सांगितलं तर ते माझं मत. तू काढलंस तर तो पुरावा. तुझ्या वहीचं पहिलं पान कुठल्या तारखेचं आहे?"

दुसऱ्या दिवशी वहीवालीने ती वही न्यायाधीशबाईंपुढे ठेवली. पहिल्या पानावर मार्च महिन्यातली तारीख, आणि खाली एकच ओळ: 'पहिला दिवस. पंखा बंद.' यादीत तिच्यापुढे जुलै होता. मग धाकटीच्या गोदामातून प्रशिक्षणाचे हजेरीपट निघाले. धुळीने कुरकुरे शिंकत होते, पण कुरकुरत मात्र नव्हते.

थोरलीकडचा एक तरुण कॅप्टन उसळला. "मास्तर, तुम्ही बोला ना काहीतरी! आपली माणसं खाली जातायत. तुम्ही आहात तरी कोणाच्या बाजूचे?"

"दोन्हीकडे वर्गाचा पहिला दिवस धरा," मास्तर म्हणाले. "बॅचच्या आतला क्रम आहे तसा ठेवा. आपल्याला चालतं ते त्यांनाही चालायला हवं." आणि त्यांनीच सगळ्यात आधी हात वर केला.

न्यायाधीशबाईंनी त्यांच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, इतकंच वहीवालीच्या लक्षात आलं. तिने ते टिपून ठेवलं.

अंतिम यादीत तिचा क्रमांक आला दोनशे सहा. लेकीने विचारलं, "कोणी आजारी पडलं?" "कोणी नाही," ती म्हणाली. आबा तेलाची बाटली शोधायला उठले. बाटली त्यांच्या समोरच होती.

परीक्षा झाल्या, खांद्यावर चौथी पट्टी आली, आणि एका सकाळी वहीवाली कॅप्टन म्हणून डाव्या खुर्चीत बसली. उजवीकडे थोरलीतली एक को-पायलट होती, तिशीची, कामाला चोख. तासाभराने खाली उतरायची वेळ आली तेव्हा पुढे ढगांचा एक पांढरा डोंगर होता.

"कॅप्टन, तो ढग किती लांब असेल, असं वाटतं?" को-पायलटने विचारलं, आणि निवांत थांबली.

वहीवालीने रडारच्या पडद्यावर पाहिलं. वाटला होता त्यापेक्षा जवळ होता. तिने वळण्यासाठी नियंत्रण कक्षाची परवानगी मागितली, विमान हळूच डावीकडे वळवलं, आणि मग त्या थांबण्याची ओळख तिला पटली.

"तू मास्तरांची कोण?"

"मुलगी."

"यादीत कितवी?"

"आधी दोनशे आठ. आता दोनशे तेरा. तीनाने हुकलं." ती हसली, पण पुरतं नाही. "तुम्हीच ना वहीवाल्या? पंधरा दिवस बोलले नव्हते मी बाबांशी."

"मग?"

"मग त्यांनीच फोन केला. म्हणाले, तुझी तारीख चुकीची लागलीये का? मी म्हटलं, नाही. म्हणाले, मग त्या वहीवालीची? मी खूप वेळ गप्प. तेही गप्प. ठाऊकच आहे तुम्हाला. शेवटी म्हटलं, नाही, तिचीही बरोबर आहे. तर म्हणतात, मग जेवायला ये, भाजी गार होतेय."

ढग मागे पडला. समोर धावपट्टी दिसू लागली, लांब, सरळ, कोरडी. वहीवालीचं कॅप्टन म्हणून हे पहिलं उतरणं, आणि त्यासाठी ती अकरा वर्षं थांबली होती. विमान तिने स्वतः, अलगद टेकवलं.

इंजिनं बंद झाल्यावर ती म्हणाली, "परतीचं विमान तू उडव. मी शेजारी बसून प्रश्न विचारते."