मेव्हण्याने लिहिलेला पलटणीचा इतिहास

राखीव पायदळाची ती पलटण म्हणजे एरवी न्हावी, शिंपी, गवंडी आणि कारकून. लढाई लागली की सरकारला त्यांची आठवण व्हायची. पुढे पलटण मोडीत निघाली आणि तिचा इतिहास लिहायचं काम न्हाव्याच्या मेव्हण्याने अंगावर घेतलं. तो पलटणीत कॅप्टन होता. न्हावी त्याच्याच हाताखाली हवालदार.

दुकानात गिऱ्हाईक नसलं की मेव्हणा खुर्चीत येऊन बसायचा आणि न्हावी सांगत सुटायचा. एकदा दाढीला साबण लावता लावता त्याच्या तोंडून निघून गेलं. पुलाच्या लढाईत शिंपी बंदूक टाकून पळत सुटला होता. गोळी पाठीत लागली. शिंप्याच्या बायकोला मात्र न्हाव्याने सांगितलं होतं, छातीवर झेलली.

"हे लिहायचं नाही हं, दादा."

"वेडा आहेस का? घरातली गोष्ट घरात."

पुस्तक छापून आलं. गोष्ट त्यात होती, शिंप्याच्या नावासकट. वर 'हवालदाराने स्वतः सांगितले' अशी पुस्तीही जोडलेली.

न्हावी तडक मेव्हण्याच्या घरी गेला.

"खोटं लिहिलंय का मी?" मेव्हण्याने विचारलं. "इतिहासात नातीगोती बघून चालत नाही."

"मग माझ्या खुर्चीत कोण बसलं होतं, मेव्हणा की इतिहास लिहिणारा? आधी सांगायचं होतं, तोंड आवरलं असतं."

मेव्हणा चष्मा पुसत राहिला. न्हावी तिथून शिंप्याच्या घरी गेला. वहिनी मशीनवर बसल्या होत्या, बाजूला ते पुस्तक उघडं पडलेलं. त्यांनी 'बसा' म्हटलं नाही.

"ते घाबरले होते हे मला नवीन नाही, भाऊजी. जायच्या आधी माझ्याजवळ रडले होते. पण तुम्ही येऊन सांगितलंत, शूरासारखे गेले. मला वाटलं, मीच नवऱ्याला ओळखलं नाही. इतकी वर्षं मनातल्या मनात त्यांची माफी मागत आले."

"वहिनी, तुम्हाला त्रास नको म्हणून..."

"मला खोटं सांगितलंत आणि खरं दुसऱ्याला." त्यांनी मशीन पुन्हा सुरू केलं.

तो घरी आला तेव्हा बायको भाजी चिरत होती. "दादा जेवायला येणार आहे," ती म्हणाली.

"त्याला वाढ. माझं ताट घेऊ नकोस."

तो चपला न काढता उंबऱ्यावरच बसून राहिला.