वीस पावलं

फॉर्मात एकच प्रश्न महत्त्वाचा होता: गेल्या आठवड्यात रुग्ण आधाराशिवाय सलग किती पावलं चालला?

संस्थेचं काम चांगलं होतं. लकव्याने आडवं पडलेल्यांच्या घरी आठवड्यातून तीनदा एक बाई जायची, हातपाय हलवून घ्यायची, उभं करायची. लोक तिला व्यायामवाली म्हणायचे. पण देणगीदारांना पुरावा हवा होता. म्हणून चिठ्ठ्या टाकून निम्म्या गल्ल्यांत तिला पाठवलं आणि उरलेल्यांना सांगितलं, वर्षभर थांबा. दोन्हीकडे दर चार महिन्यांनी मी जाऊन तोच प्रश्न विचारायचा. शिकवताना साहेबांनी बजावलं होतं, "सांगतील ते लिहायचं. आपलं मत घालायचं नाही."

काजवालीची गल्ली थांबणाऱ्यांतली. ती घरबसल्या शर्टांना काजं-बटणं करायची. नवरा पूर्वी बस चालवायचा, आता उजवी बाजू गेलेली. पहिल्या खेपेला ती म्हणाली, "सहा." दुसऱ्या खेपेला, "बारा."

"छान आहे की, मावशी," मी म्हटलं.

"मग! तुमचे काका काही कमी नाहीत. गाडी रुळावर आली की सुटतीलच."

काका पलंगावरून छताकडे बघत होते. पलंगाखाली त्यांच्या चपला होत्या, त्यांच्यावर धुळीचा थर. मी पाहिला. आणि बारा लिहिलं.

तिसऱ्या, शेवटच्या खेपेला ती म्हणाली, "वीस." मी वीस लिहून निघाले. कोपऱ्यावर पोचल्यावर लक्षात आलं, तिचा अंगठा घ्यायचा राहिला. पाच मिनिटांत परत फिरले. दार नुसतं लोटलेलं होतं.

ती दोघं जमिनीवर होती. पलंगावरून खुर्चीत घेताना तोल गेला असावा. काकांचं सगळं वजन तिच्या मांडीवर, आणि ती त्यांच्या काखेत हात घालून ओढत होती, गोणी ओढावी तशी. मला बघून थांबली.

"धरा ना, बघत काय बसलात!"

आम्ही दोघींनी त्यांना कसंबसं वर घेतलं. मग ती भिंतीला टेकून बसली आणि माझ्याकडे न बघता बोलली.

"एकही नाही, ताई. वर्षात एक पाऊल नाही."

"मग वीस का सांगितलंत?"

"नापास पोराला कोणी वरच्या वर्गात घालतं का? ज्याच्यात धुगधुगी दिसेल त्यालाच घेणार तुम्ही. मढ्यामागे कोण व्यायामवाली धाडेल?"

"अहो, तसं नव्हतं. चिठ्ठ्या टाकून ठरलं होतं. मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं."

"चिठ्ठ्या सगळीकडेच टाकतात," ती म्हणाली. "निघायचं त्याचंच नाव निघतं."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सगळं सांगितलं, चपलांवरच्या धुळीसकट. त्यांनी ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता.

"हिचा आकडा बदलतो. बाकीच्यांचं काय? व्यायामवाली जाते तिथलेही फुगवून सांगत असतील. फक्त थांबलेल्यांचे आकडे खाली आणले, तर मी काटा हाताने दाबल्यासारखं होईल."

"मग सगळीकडे परत जाऊ. या वेळी समोर चालवून बघू."

"मुदत संपली, ताई. अहवाल सोमवारी जायचाय."

अहवाल गेला. व्यायामवालीच्या गल्ल्यांत सरासरी एकवीस पावलं, थांबलेल्यांत एकोणीस. दोन पावलांसाठी पैसे घालायला देणगीदार तयार नव्हते. कार्यक्रम दोन्हीकडचा बंद झाला. व्यायामवाली ज्यांच्याकडे जात होती त्यांच्याकडूनही गेली.

त्या आठवड्यात रोज पहाटे देवापुढे बसत होते, पण जपाचे मणी मोजताना वीसच्या पुढे जाता येईना. शेवटी गेले. निरोप द्यायचं काम माझं नव्हतं, पण पत्र टपालाने जाणार होतं आणि काजवालीला वाचता येत नव्हतं.

तिने सुई शर्टात टोचून ठेवली आणि सगळं ऐकलं.

"म्हणजे न शिकवताच आम्ही बरे झालो, असं निघालं?"

"हो."

"मी खोटं बोलले म्हणून?"

"एका घराने एवढं होत नाही, मावशी."

"एक घर कुठलं." ती हळूच म्हणाली. "इस्त्रीवाल्याच्या आईला मीच पढवलं. टोकाच्या मास्तरीणबाईंना, वखारीवाल्यांना. तुम्ही यायच्या आदल्या दिवशी दारोदार फिरायचे. रडगाणं गाऊ नका म्हणायचे, चढता आकडा सांगा. मास्तरीणबाई तर ऐकतच नव्हत्या. मी हातापाया पडले त्यांच्या."

माझ्याच फॉर्मांवरचे ते चढते आकडे डोळ्यांपुढे आले. एका गल्लीत सगळ्यांचीच प्रगती, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. वाटलं होतं, खरं तर. लिहिलं नव्हतं.

"शेजाऱ्यांना कोणी सांगितलं का?" तिने विचारलं.

"अजून नाही. मी सांगते."

"तुम्ही नका." ती उठली, पदर सारखा केला. "माझ्याच तोंडून कळू दे. जरा यांच्याजवळ बसा."

ती गेली. मी खुर्ची पलंगाजवळ ओढली. काकांना एवढ्या दिवसांत मी एकदाही काही विचारलं नव्हतं, फॉर्मातलं उत्तर घरच्यांकडूनच घ्यायचं होतं. त्यांचे ओठ हलले. मी वाकले.

"किती... सांगितली?"

"वीस."

त्यांचा अर्धा चेहरा हसला.

"दारसुद्धा... नऊ पावलांवर आहे," ते म्हणाले. "पुढं... कुठं गेलो म्हणे?"

मी त्यांचा हात धरून बसले. समोर इस्त्रीवाल्याच्या उंबऱ्याशी काजवाली उभी होती. आतून कोणीतरी "ये ना, आत ये," म्हणत होतं, आणि ती आत जात नव्हती.