कमी फेसाची बाटली

"डोया मीट भाऊ, काही नही व्हस." न्हाणीतल्या दगडावर बसवून आई साबण चोळायची, तेव्हाचा तो आवाज शालिग्रामच्या कानात अजून होता. डोळे मिटूनही साबण झोंबायचाच. पुढे रसायनशास्त्र शिकून धुळ्यात घराच्या मागच्या खोलीत तो तोंड धुण्याचं लोशन बनवू लागला, ते बहुधा त्या झोंबण्यावरच रागावून.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. टेबलावर दोन बाटल्या. जळगावच्या भिकमचंद शेठला आज एकच नमुना द्यायचा. पसंत पडला तर दुकानात माल लागणार, नाहीतर मागची खोली बंद आणि पुन्हा दुसऱ्याच्या कारखान्यात चाकरी.

"एकीत कडक सर्फॅक्टंट आहे, दुसरीत खोबरेलापासूनचं सौम्य," तो बायकोला, केसरबाईला सांगत होता. "सर्फॅक्टंट म्हणजे मुऱ्हाळी समज. आखाजीला भाऊ बहिणीचा हात धरून तिला माहेरी नेतो ना, तसं हे चेहऱ्यावरचा तेलकट मळ धरून पाण्यात नेतं."

"आनि कडक मुऱ्हाळी?"

"तो बहिणीबरोबर तिच्या सासरची भांडीकुंडीही उचलतो! कातडीचं स्वतःचं तेलसुद्धा ठेवत नाही."

"मना भाऊले सांगू नका, गाडी जुपीसन येई!" केसरबाई पदर तोंडाला लावून हसली.

"पण शेठला फेस हवा. म्हणतो, 'फेस नसेल तर गिऱ्हाईक म्हणेल, शेठनं पाणीच भरून दिलं.' आणि फेस कडकचाच जास्त."

त्याचे स्वतःचे हात कारखान्यातल्या सोड्याने पार निबर झालेले, त्यांना काही कळत नसे. परीक्षा नेहमी तिच्या गालांवर. तिने एकीने तोंड धुतलं, जरा थांबून दुसरीने धुतलं.

"झोंबतं का गं?"

"काही नही व्हस."

नेहमीचंच उत्तर. त्याने फेसाची बाटली पिशवीत टाकली, चपला घातल्या. उंबऱ्यातून मागे पाहिलं, तर ती पाठमोरी उभी राहून गालांना दुधावरची साय चोळत होती.

तो चपलांसकट परत आत आला. "केसर, आईपण हेच म्हणायची. खरं सांग."

तिने त्याच्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं. मग पुढे येऊन पिशवीतली बाटली काढली, दुसरी आत ठेवली.

"फेसनी बाटली झोंबस. पहिलापासून झोंबस. तुम्हनं तोंड उतरी जाई म्हनीसन बोलनू नही मी. आते ही लई जा, नि शेठनाच गालले लावीसन इचारा त्याले, झोंबस का म्हनीसन!"