वाऱ्यावर थंड होणारा घोडा

“आधी जिवंत करा,” बुरमाकान म्हणाली. “मेलेल्या जनावरावर सुरी चालवत नाहीत. हराम असतं ते.”

तेमिरकुल गोठ्याच्या दारात उभा होता. आत, गवताच्या भाऱ्यांमागे, बाजूला बसायचा डबा जोडलेली एक जुनी रशियन बनावटीची उराल फटफटी तीन चाकांवर उभी होती. नेमके सांगायचे तर चाकांच्या लोखंडी कडांवर, कारण रबर केव्हाच भेगाळून खाली बसले होते. टाकीवर कोंबड्यांनी मुक्काम केल्याच्या खुणा होत्या. बैठक उलटी बसवलेली होती, टोक मागे आणि पाठ हँडलकडे.

“वहिनी, हे यंत्र आहे. याला जीव नसतो, म्हणून ते मरतही नाही.”

“मग सासूबाईंनी शेपूट कापली ती कुणाची?”

आईला कात्री घेऊन गोठ्यात शिरताना तेमिरकुलने स्वतः पाहिले होते.

या खोऱ्यात माणूस गेला की त्याच्या घोड्यालाही दुखवटा पाळावा लागतो. त्याची आयाळ आणि शेपूट कापतात, खोगीर उलटे बांधतात आणि वर्षभर त्याच्यावर कुणी बसत नाही. वर्ष भरले की ‘आश’ घालतात. शे-दोनशे माणसे जेवतात, तो घोडा कापला जातो, त्याचा प्रत्येक सांधा वयाच्या आणि मानाच्या क्रमाने वाटला जातो, विधवा काळा रुमाल सोडून पांढरा बांधते, आणि गेलेला माणूस एकदाचा गेला असे ठरते.

तेमिरकुलचा थोरला भाऊ शेरअली हा सामूहिक शेतीच्या कळपांचा पशुवैद्य होता. एका वसंतात, पुरात अडकलेल्या घोडीच्या मागे, तो नदीत पायी उतरला. घोडी परत आली. फटफटी काठावर उभी होती, किल्ली तिच्यातच होती. शेरअलीचा स्वतःचा घोडा नव्हता, म्हणून आईने घोड्याचे सगळे विधी फटफटीवर केले. बैठक उलटवून घेतली, हँडलला लटकणारे घोड्याच्या केसांचे गोंडे मेंढ्या भादरायच्या कात्रीने कापले. वर्ष भरल्यावर मात्र ती अडून बसली. “हाडं मिळाल्याशिवाय जेवण नाही.” नदीने हाडे दिली नाहीत, आणि आईने जवळजवळ तीस वर्षे आपला शब्द बदलला नाही. गेल्या वर्षी ती वारली. बुरमाकान अजून काळ्या रुमालातच होती.

आता बिश्केकमध्ये तिच्या मुलीला, नाझिराला, बाळ झाले होते, आणि तिकडच्या म्हाताऱ्या बायका काळे बांधलेल्या बाईच्या हातून बाळाला पाळण्यात घालू देत नव्हत्या.

“आश घालू या,” बुरमाकान म्हणाली. “उन्हाळ्याआधी. ती झाली की मी नाझिराकडे राहायला जाते.”

मीठ संपले म्हणावे, त्या आवाजात तिने हे सांगितले. तेमिरकुलने ते ऐकून घेतले.

तो गावाबाहेरच्या हवामान केंद्रावर निरीक्षक होता. दर तीन तासांनी तापमान, वारा, बर्फाची जाडी. अंगणाच्या एका बाजूला त्याच्या दोन खोल्या, समोर बुरमाकानचे घर. त्याने लग्न केले नव्हते. जुन्या रिवाजाप्रमाणे विधवा वहिनीने धाकट्या दिराशी संसार मांडावा, असे गावाने एकेकाळी गृहीत धरले होते. पण तिला विचारायचे ते आशनंतर. आश झाली नाही, म्हणून विचारण्याचा दिवसही उगवला नाही. तेमिरकुल पद्धतशीर माणूस होता. ज्या नोंदीची वेळ आलेली नाही, ती तो करत नसे.

सासरच्या पुरुषांची नावे सुनेने घ्यायची नसतात. त्यामुळे बुरमाकान नवऱ्याला ‘हे’ म्हणे, आणि दिराला, लग्न होऊन आल्याच्या पहिल्याच आठवड्यापासून, ‘थेंबमोजे’.

हिवाळाभर थेंबमोजे गोठ्यात होते. इंजिनाचे दोन्ही पिस्टन आपापल्या जागी जाम झाले होते. त्याने प्लग काढून त्या भोकांतून रॉकेल ओतले आणि वाट पाहिली. रोज सकाळी केंद्रावर जाण्याआधी तो किकवर हलका भार देई. न हलल्यास जोर करत नसे. एका सकाळी किक बोटभर सरकली. थंडीने धातू आकुंचन पावला, इतकेच, असे त्याने स्वतःला सांगितले, आणि तरीही त्या दिवशीच्या वाऱ्याच्या नोंदीपूर्वी तो बराच वेळ नुसताच आकाशाकडे पाहत उभा राहिला. गोठ्याबाहेर बर्फ पडत असे; आत दिव्याभोवती गवताची धूळ तरंगत असे; आणि हातातला भाग पुसता पुसता हे कोणते वर्ष आहे याचा त्याला क्षणभर विसर पडे. मग कुठे तरी कोंबडी खाकरे.

शेजारचा ओरोझ वेल्डिंगचे काम करी. फाटलेला मडगार्ड जोडायला तो आला की त्याची जीभही सोबत येई.

“अरे, कापायच्या जनावराला कुणी इतकं चोळतं का? आयाळ विंचरायची राहिली बघ.”

“पाना दे.”

“घे. पण एक सांग. एवढी वर्षं पाऊस मोजलास, एकदा तरी भिजलास का?”

“मोजणाऱ्याने आडोशाला उभं राहायचं असतं.”

“तेच म्हणतोय मी,” ओरोझ म्हणाला आणि डोळ्यांवर काळी काच ओढून घेतली.

या फटफटीबद्दल गावात एक कथा होती. शेरअली गेल्याच्या दुसऱ्या वर्षी काही पोरांनी तिला चोरून सुरू करायचा प्रयत्न केला. किल्ली फिरवताच बैठकीखालून ठिणग्या उडाल्या, धूर निघाला, पोरे पळाली. घोडा मालकाशिवाय कुणाला बसू देत नाही, असे ठरले. तेमिरकुलला तेव्हाही वाटले होते की याला कारण असणार. ते शोधायला मात्र तो कधी गेला नाही. कारण असणारच, एवढ्यावर समाधान मानण्याची सवय त्याला त्या गोठ्यापुरतीच होती.

बैठक काढल्यावर ते कारण दिसले. मागच्या दिव्याकडे जाणाऱ्या तारांचा जुडगा मधोमध कापलेला होता. उंदराने कुरतडलेले टोक असे नसते. ही कापणी सरळ होती, दोन दाबांत केलेली. हँडलचे गोंडे कापून झाल्यावर आई मागे गेली असणार. तिथे तिला बैठकीखालून लोंबणारे काहीतरी दिसले असणार. घोड्याच्या मागे लोंबते ती शेपूट, असा तिचा साधा हिशेब. उघडी तार सांगाड्याला टेकली, विजेला आडवाट मिळाली, ठिणग्या उडाल्या.

त्याने ओरोझला ती टोके दाखवली.

“म्हणजे म्हातारीनंच अडवली होती!” ओरोझ म्हणाला.

“अडवली नाही. तार कापली. बाकी सगळं विजेनं केलं.”

“हो ना. म्हातारीनंच अडवली.”

स्पष्टीकरण पूर्ण होते आणि कथेला त्याने ओरखडाही उमटला नव्हता. तेमिरकुलने तारा जोडल्या. कापलेल्या टोकाचा छाटलेला छोटा तुकडा मात्र त्याने टाकला नाही. का, हे त्याने तपासून पाहिले नाही.

बर्फ वितळू लागले तेव्हा एका दुपारी बुरमाकान शेजारी लोकरीचा नमदा लाटायला गेली होती. तेमिरकुलने किक मारली. पहिल्यांदा काही झाले नाही. पुन्हा मारल्यावर डावा सिलिंडर एकदा खोकला. आणखी एकदा, आणि मग दोन्ही बाजू एकमेकींना उत्तरे देऊ लागल्या, त्या संथ, जड ठोक्यांनी, जे ऐकून एके काळी सगळी गल्ली ओळखत असे की शेरअली घरी आला. कोंबड्या छपरापर्यंत उडाल्या. तेमिरकुलने घाईघाईने किल्ली बंद केली, ताडपत्री ओढली आणि दार लावून घेतले.

संध्याकाळी बुरमाकानने अंगणापलीकडून विचारले, “काय म्हणतंय जनावर?”

“ठिणगी येत नाही.”

हिमवादळात डोळ्यांपुढे बोट दिसेनासे झाले तरी त्याने कधी एक आकडा अंदाजाने लिहिला नव्हता. आता रोज संध्याकाळी तो तेच उत्तर देऊ लागला. ठिणगी येत नाही. प्लग मागवलाय. बघतो. अंगण कोरडे झाले, डोंगराच्या उतारावर हिरवे दिसू लागले, आणि ठिणगी काही येईना.

एक दिवस ती चहाचा वाडगा घेऊन गोठ्यात आली.

“कोंबड्यांनी अंडी द्यायचं बंद केलंय.”

“थंडीमुळे.”

“थंडी संपली, हे तुम्हीच परवा सांगितलंत.” तिने वाडगा टाकीवर ठेवला. टाकी आता हिरवीगार होती. “गोठ्यात ह्यांच्या कोटाचा वास येतोय. पेट्रोलचा, जळक्या तेलाचा. मला नाक आहे, थेंबमोजे.”

तेमिरकुल हातातला पाना पुसत राहिला. “सुरू झालीय,” तो म्हणाला.

“माहितीय.”

“आधीच झाली होती.”

“तेही माहितीय. का सांगितलं नाहीत, तेही.” तिने वाडगा त्याच्याकडे सरकवला. “आश ठरलेल्या जनावराला वाट बघायला लावू नये. त्याला कळतं.”

“त्याला काही कळत नाही, वहिनी.”

“बरं. मग मला कळतं.”

दिवस ठरला. नाझिरा बाळ आणि नवऱ्यासह येणार होती. आशच्या आदल्या दिवशी बुरमाकान चांगले जोडे घालून अंगणात आली.

“कापण्याआधी जनावराला पाणी पाजतात. नदीवर नेऊ या.”

“याला पाणी लागत नाही. हे इंजिन वाऱ्यावर थंड होतं.”

“मग वारा पाजा,” ती म्हणाली आणि डब्यात बसली.

टायर त्याने हिवाळ्यातच बदलले होते आणि बैठकही सरळ केली होती. त्या बैठकीवर बसणे उचित की अनुचित, हा प्रश्न त्याने निरर्थक ठरवला होता, तरी बसताना तो किंचित थांबला. मग गाव मागे पडले. रस्ता कुरणातून जात होता आणि कुरणाला कडा नव्हती. हिरवे वर चढत जाऊन कुठे तरी बर्फ होई आणि बर्फ कुठे तरी ढग. इंजिनाचा ठोका जमिनीतून येतो आहे असे वाटे. बिळांबाहेर मार्मोट, मोठ्या खारींसारखे ते प्राणी, उभे राहून पाहत, शिट्टी घालत, नाहीसे होत. दुरून एक घोड्यांचा कळप त्यांच्या बरोबरीने धावू लागला, कुणी हाकलले नसताना, आणि बराच वेळ ना तो पुढे गेला ना मागे पडला. घोडे आवाजाला बुजून पळतात, हे तेमिरकुलला ठाऊक होते. ते आवाजाच्या बरोबरीने का पळत होते, ते त्याला सांगता आले नसते. बुरमाकानने डोळे मिटले होते. तिच्या काळ्या रुमालाची टोके त्याच्या कोपरावर आपटत होती.

काठावर त्याने इंजिन बंद केले. नदी वितळत्या बर्फाने राखाडी झाली होती.

“तुम्ही कधी विचारलं नाहीत,” ती पाण्याकडे पाहत म्हणाली.

“तुम्ही काळ्यात होतात.”

“सासूबाईंना सांगून आश घालायला लावता आली असती. तुमचं त्या ऐकायच्या.”

तेमिरकुलने यावर विचार केला. “आईला वाट बघायची होती. तिला चुकीचं ठरवायला माझ्याकडे पुरावा नव्हता.”

बुरमाकान हसली. मोठ्याने, खूप वर्षांत हसली नव्हती तशी. मग तिने रुमालाच्या टोकाने डोळे पुसले. “पुरावा!” ती म्हणाली. “अहो, माणूस आहात की पर्जन्यमापक?”

“आता विचारलं तर?”

“आता मी आजी झालेय,” ती हळू म्हणाली. “पाळणा वाट बघतोय. मी तिकडे शब्द दिलाय.”

“बरोबर आहे,” तेमिरकुल म्हणाला. परतताना त्याने गाडी सावकाश चालवली. इंजिनाला ते मानवत नाही, हे माहीत असूनही.

आशला जेवणासाठी खरी घोडी कापली होती. मुल्ला म्हणाला, लोखंडाला मान नसते, तेव्हा त्याची दुवा होणार नाही. गावातले सर्वांत वृद्ध कोचकोनबाय आजोबा म्हणाले, “दुवा माणसासाठी कर. लोखंडाचं आम्ही बघतो. फक्त तोंड किब्ल्याकडे करा.” फटफटी नमद्यावर, मक्केकडे तोंड करून, उभी केली गेली. तेमिरकुलने ती सुरू केली. अंगण गप्प झाले. बाळ रडले आणि थांबले. बुरमाकान पुढे आली, तिने टाकीवर हात ठेवून ठोका ऐकला, ‘बिस्मिल्ला’ म्हणाली आणि किल्ली फिरवली.

मग म्हाताऱ्या बायकांनी तिला आत नेले आणि तेमिरकुलने पाना उचलला.

त्याने हिवाळाभर जोडले होते ते तो आता उलट्या क्रमाने काढत गेला. प्रत्येक बोल्टला त्याने स्वतः ग्रीस लावले होते. सगळे पहिल्या वळणालाच सुटले. एकही गंजलेला नव्हता. तेवढा विलंबही त्याला मिळाला नाही. कोचकोनबाय आजोबा वाटे सांगत होते.

“मागचा पुठ्ठा कुठला?”

“गिअरबॉक्स म्हणता येईल.”

“मग तो माझा. उचलायला दोघं या. फासळ्या?”

“सिलिंडर.”

“एक ओरोझला. जिभेचा वाटा असता तर तोही त्यालाच दिला असता.”

डबा मेंढपाळाकडे गेला, कोकरांसाठी. टाकी मुल्लाने आधी नाकारली, मग नेली. चाके, दिवा, हँडल, मडगार्ड, सगळे मानाप्रमाणे वाटले गेले. यजमानाला वाटा नसतो. शेवटी नमद्यावर तेलाचा एक डाग तेवढा राहिला.

बुरमाकान बाहेर आली तेव्हा तिच्या डोक्यावर पांढरा रुमाल होता. तिचे सामान जावयाच्या गाडीत भरून झाले होते. तेमिरकुल अंगणाच्या कडेला, कोपरापर्यंत काळे झालेले हात अंगापासून दूर धरून उभा होता. पाहुण्यांच्या हातांवर पाणी घालणारा मुलगा चरवी घेऊन त्याच्याकडे निघाला होता. बुरमाकानने वाटेतच त्याच्या हातून ती काढून घेतली.

“धरा,” ती म्हणाली.

तिने पाणी ओतले. त्याने हात चोळले. ग्रीस बोटांच्या रेषांत, नखांत, मनगटाच्या सुरकुत्यांत बसले होते. पाणी काळेच पडत राहिले. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. दोघांपैकी कुणी मान वर केली नाही. चरवी रिकामी झाली. तिने ती हलवून पाहिली आणि पुन्हा भरून आणायला चुलीकडे गेली.